पायाला प्लास्टर होतं तेव्हा खोकला का थांबला?

वाचकाचं पत्र: डॉक्टर, माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये तेरा वर्षं स्प्रे पेंटर आहेत. लहानपणी कधी दमा नव्हता, सिगरेट वगैरे काही नाही. दोन-अडीच वर्षांपूर्वी सारख्या शिंका आणि नाक गळणं सुरू झालं, मग कोरडा खोकला, आणि आता वर्षभर रात्री दीड-दोनला छाती भरून येते, उठून बसावं लागतं. डॉक्टरांनी दमा आहे सांगून निळा पंप दिला, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एक्स-रे स्वच्छ आला. फुंकायची तपासणी सुट्टीच्या दिवशी केली, तीही नॉर्मल. त्रास रात्रीच होतो म्हणून मला वाटलं घरातच काहीतरी आहे. पडदे काढले, गाद्या बदलल्या, शेवटी मांजरही बहिणीकडे दिलं. फरक नाही. (मांजर देण्याच्या आधी पाय मोडून हे तीन आठवडे प्लास्टरमध्ये घरी होते, तेव्हा मात्र खोकला जवळजवळ नव्हता; विश्रांती मिळाली म्हणून असेल.) सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागेल. हे म्हणतात, कामामुळे असतं तर कामावर असताना त्रास झाला असता, आणि बाकीचे चौघे तेच काम करतात, त्यांना काही होत नाही. त्यांना नोकरी सोडायला सांगू का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. प्लास्टरचे ते तीन आठवडे. घर तेच, गादी तीच, मांजरही घरातच. बदललं ते एवढंच की मिस्टर वर्कशॉपमध्ये गेले नाहीत, आणि खोकला थांबला. विश्रांतीने हाड जुळतं; वर्षभर रात्री उठवणारा दमा नुसत्या विश्रांतीने असा गप्प होत नाही. पत्र वाचताना मी त्या कंसापाशी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या मनावरचा भार उतरवते. तुमच्या घरात काही कमी नव्हतं, तुमच्या स्वच्छतेतही नव्हतं. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून माझा संशय दाट आहे: हा कामातून आलेला दमा असावा. आधी नाक, मग खोकला, मग धाप. वय चाळिशीच्या आसपास. आणि काम बंद असताना आराम. हे सगळं एकत्र आलं की माझ्यासारख्या छातीच्या डॉक्टरचं लक्ष रुग्णाच्या घरावरून त्याच्या कामाच्या जागेकडे वळायला हवं.

हवं म्हणते, कारण नेहमी वळत नाही. प्रौढपणी होणाऱ्या दम्यात कामाचा वाटा किती, याचा आढावा अमेरिका आणि युरोपच्या श्वसनरोग संघटनांनी मिळून २०१९ साली घेतला; तो साधारण १६ टक्के निघाला. म्हणजे मोठेपणी दमा झालेल्या दर सहा जणांमागे अंदाजे एक. कामाच्या ठिकाणचे चारशेच्या आसपास पदार्थ दमा घडवू शकतात असं आज माहीत आहे. बेकरीत उडणारं पीठ आणि त्यात मिसळायची एन्झाइम्स, लाकडाचा भुसा, सोल्डरिंग करताना राळेचा धूर, केस ब्लीच करायची पावडर, प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मूत्रातली प्रथिनं, सफाईची जंतुनाशकं, आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ज्याच्याकडे माझं बोट जातं ते गाडीच्या रंगातलं हार्डनर. बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगून ठेवलंय की रुग्णाला बाकीचे प्रश्न विचाराल तेव्हा आणखी एक विचारा: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं उलटून गेली, तरी घाईच्या ओपीडीत हाच प्रश्न गळतो.

माझ्याकडूनही गळला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे दम्यासाठी यायच्या. केसपेपरवर 'रुग्णालयात नोकरी' एवढंच लिहिलेलं. दीड वर्ष मी त्यांच्या औषधाचा डोस वाढवत गेले. एकदा पंप कसा ओढता ते दाखवा म्हटलं आणि त्यांनी हात वर केला, तेव्हा बोटांची टोकं पिवळट-तपकिरी दिसली. हे डाग कसले, म्हणून विचारलं. "दुर्बिणी धुते ना, त्या पाण्याचे," त्या म्हणाल्या. एंडोस्कोपीच्या दुर्बिणी ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करायचं काम त्या करत होत्या. खोलीला खिडकी नव्हती आणि द्रावणाचं भांडं दिवसभर उघडं असायचं. त्या द्रावणाने कातडी अशीच रंगते, आणि दमाही होतो. उत्तर दीड वर्ष माझ्यासमोर खुर्चीत बसून होतं. तेव्हापासून मी नुसतं 'नोकरी कुठे' एवढ्यावर थांबत नाही. सकाळी कामावर पोचल्यापासून हाताने नेमकं काय काय करता, ते विचारते.

आता मिस्टरांच्या दोन शंका. दोन्ही अगदी रास्त आहेत.

पहिली शंका, कामामुळे असेल तर त्रास कामावरच का होत नाही. या प्रकारच्या दम्यात श्वासनलिका पुष्कळदा उशिराने बोलतात. सूज यायला वेळ लागतो. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी नळ्या आवळू लागतात. संध्याकाळी पाच-सहाला शेवटच्या गाडीवर स्प्रे मारला असेल, तर हिशेब थेट रात्री दीड-दोनवर येतो. त्यात पहाटेच्या सुमाराला श्वासनलिका निसर्गतःच थोड्या अरुंद होतात. म्हणून वर्कशॉपमध्ये माणूस ठणठणीत आणि अंथरुणात धापा टाकतोय, असं चित्र दिसतं आणि दोष गादीवर जातो. आणखी एक गोष्ट अशी की आठवडाभर सूज साठत गेली तर एका सुट्टीत ती उतरतेच असं नाही. सुट्टीच्या दिवशीही खोकला होता, म्हणजे काम निर्दोष, असा निष्कर्ष काढू नका. मोठी सुट्टी खरं काय ते सांगते. तुमच्याकडे ती प्लास्टरच्या रूपाने आपोआप झाली.

दुसरी शंका, बाकीच्या चौघांना का नाही. कारण ही ॲलर्जीसारखी गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाच्या शरीराने आपापली ठरवलेली असते. टू-के, म्हणजे दोन घटक ऐनवेळी एकत्र मिसळून वापरायच्या, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. हार्डनर रंगात मिसळला की रंग घट्ट जाळं धरतो, म्हणून तर गाडीवरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, काचेसारखा कडक आणि चकचकीत होतो. हीच रसायनं स्प्रे गनच्या धुक्यातून श्वासनलिकेत गेली की तिथल्या प्रथिनांनाही तशीच चिकटतात. काही जणांची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवते. ते लक्षात ठेवायला काही महिने लागतात, कधी कित्येक वर्षं. म्हणून 'पहिली दहा वर्षं काही झालं नाही' यात आश्चर्य नाही. मात्र एकदा ओळख पटली की मग अगदी थोडा संपर्कही पुरतो. ज्या चौघांना आज काही नाही, त्यांचंही नशीब कायमचं लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्यापैकी कुणाला सकाळी सारख्या शिंका येतात का, हे मिस्टरांनी सहज विचारून पाहावं.

वास हा इथे भरवशाचा पहारेकरी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पेंटिंगच्या जागी जो उग्र वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास नाकाला कळायच्या आत त्याचं प्रमाण धोक्याच्या वर गेलेलं असतं. 'वास गेला, मास्क काढा' ही सवय म्हणूनच घातक. गन बंद केल्यावरही डोळ्यांना न दिसणारं धुकं हवेत तरंगत राहतं. चांगल्या बूथमध्ये, म्हणजे हवा बाहेर ओढून घेणाऱ्या स्प्रेच्या बंदिस्त खोलीत, ते जायला काही मिनिटं लागतात, साध्या बंद खोलीत वीस मिनिटं किंवा जास्तही. आणि नेमकं त्याच वेळी पेंटर काय करतो? तोंडावरचा मास्क वर सारून, वाकून, फिनिश कसं बसलंय ते जवळून बघतो. मिस्टरांना विचारा, ते हसून हो म्हणतील. कापडी मास्कने यातलं काही अडत नाही. कोळशाच्या डबीचा मास्कही टू-के स्प्रेसाठी भरवशाचा नाही, कारण डबी भरली की इशारा द्यायला वासच नसतो. या कामाला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि बूथमधली हवा निवळेपर्यंत तो उतरवायचा नसतो. उघड्या हाताने गन धुणं, हार्डनर मिसळणं हेही त्यात धरा. कातडीवाटेही शरीराला ही ओळख पटू शकते असं दिसून आलंय.

आता पुढे काय करायचं ते.

नोकरी सोडायला सांगू का, असं तुम्ही विचारलंत. आज, उद्या नको. कारण कोरडं आहे, पण महत्त्वाचं आहे. काम सुटलं की छाती सुधारत जाते, आणि मग आजार कामाचाच होता हे दाखवणं अवघड होऊन बसतं. निदान पक्कं नसताना माणूस पगारही गमावतो आणि भरपाईचा किंवा दुसरं काम मागण्याचा आधारही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यावसायिक आजारांच्या २०१० च्या यादीत असा दमा आहे. पण यादीत असून भागत नाही, कागद लागतात. तेव्हा आधी नोंद, मग निर्णय, आणि दोन्ही लवकर. लवकर म्हणजे काही आठवड्यांत. 'पोरांची शाळा संपू दे मग बघू' इतकं लांबवायचं नाही.

नोंदीसाठी पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच जोरदार, झटक्यात फुंकर मारायची. असं तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दिवसातून निदान चार वेळा: उठल्यावर, कामाच्या मध्यात, काम सुटल्यावर, झोपताना. रात्री धाप लागून उठले तर तेव्हाही. असं चार आठवडे चाललं तर उत्तम, त्यात कामाचे दिवस हवेत आणि सलग सुट्टीचेही, जमल्यास आठवडाभर. समजा सुट्टीत आकडा ४८० च्या आसपास स्थिर आहे, कामाच्या आठवड्यात संध्याकाळी ४०० वर येतोय आणि रात्री ३४० ला टेकतोय, तर तो उतार बघून मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. या काळात औषधं डॉक्टर देतील तीच आणि तेवढीच, रोज सारखी. मध्येच कमी-जास्त केली तर आकडा कामामुळे हलला की औषधामुळे, ते कळत नाही. आणि आकडे खरे लिहा. राहिलेला रकाना रात्री अंदाजाने भरण्यापेक्षा रिकामा बरा.

त्याच वहीत शेजारी लिहायचं: त्या दिवशी काय केलं. प्रायमर मारला, घासणी केली, क्लिअर कोट मारला, गन धुतली. वर्कशॉपमधून हार्डनरच्या डब्यावरचं लेबल फोटो काढून आणा आणि त्याचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यात आयसोसायनेटचं नाव दिसेल. 'आमचा रंग पाण्याचा आहे' असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर गप्प बसू नका. बेस कोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, पाण्याचा असतो, वरचा क्लिअर कोट पुष्कळदा टू-केच असतो.

ही वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, शक्य असल्यास कामगारांच्या आजारांची माहिती असलेल्यांकडे. फुंकायची तपासणी पुन्हा करावी लागेल, आणि यावेळी कामाच्या आठवड्यात. सुट्टीच्या दिवशी ती नॉर्मल आली हे तर आपल्या संशयाला धरूनच आहे. श्वासनलिका किती चिडखोर झाल्यात हे मोजणारी मेथाकोलीनची चाचणी कामाच्या दिवसांत आणि सुट्टीनंतर, अशी दोनदा केली तर फरक स्पष्ट दिसतो. रक्तातली ॲलर्जीची तपासणी मात्र आयसोसायनेटच्या बाबतीत बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आजार असूनही. तो कागद हातात पडला म्हणून सुटलो असं समजू नका.

एक बजावून सांगते. या चार आठवड्यांची नोंद जिवापेक्षा मोठी नाही. एक वाक्य पूर्ण बोलता येईना, पंप घेऊनही उतार पडेना, ओठ निळसर दिसू लागले, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचं. असा झटका एकदा जरी येऊन गेला असेल, तर नोंदीसाठीसुद्धा त्यांना बूथमध्ये पाठवू नका. आणि 'बघू या खरंच होतं का' म्हणून मुद्दाम धुक्यात उभं राहायचा प्रयोग कुणी करू नये. तशी चाचणी असते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की पंपाची सवय लागत नाही. त्यांची काळजी एका अर्थाने मात्र बरोबर आहे. निळा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. नुसत्या त्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात. सूज उतरवणारं स्टेरॉइड ओढायच्या स्वरूपात, तेही अगदी कमी प्रमाणात, बहुतेकांना लागतंच. हे डॉक्टरांशी लगेच बोला, वही भरायला घेण्याच्या आधीच.

निदान पक्कं झालं तर? तेव्हा मला गोड बोलता येणार नाही. शरीराने एकदा आयसोसायनेट ओळखलं की चांगला मास्क, कमी तास, जास्त औषध यातलं काहीही पुरेसं ठरत नाही. त्या रसायनापासून पूर्ण दूर जावं लागतं. नुसत्या धुळीने, थंड हवेने किंवा वासाने जुना दमा कामावर बळावत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जागा सुधारून माणूस त्याच कामावर राहू शकतो. इथे तसं नाही. जे वेळेवर दूर होतात त्यांना बरं होण्याची संधी सगळ्यात जास्त असते. एकंदरीत पाहिलं तर साधारण तिघांतला एक पूर्ण बरा होतो, बाकीच्यांचा दमा राहतो, पण बहुतेकांचा आवाक्यात येतो. लक्षणं सुरू झाल्यावर त्याच हवेत काढलेलं प्रत्येक वर्ष ही संधी कमी करतं. तुमची अडीच वर्षं गेलीत. म्हणून मी घाई करतेय.

दूर म्हणजे किती दूर, यावरून वर्कशॉपच्या मालकांशी बोलणी होतील तेव्हा तुम्हाला हे माहीत हवं. 'गन सोड, घासणीला बस' हा तोडगा नाही: बूथ त्याच शेडमध्ये असेल तर धुकं तिथेही येतं, आणि पुरता न वाळलेला रंग घासला तर त्या धुळीतही आयसोसायनेट असू शकतं. रंगवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर उष्णतेने रंग फुटून तीच रसायनं पुन्हा हवेत येतात. वेगळ्या इमारतीतलं काउंटर, सुटे भाग, गाडी तपासून नुकसानीचा अंदाज काढणं, रंग जुळवण्याचं संगणकावरचं काम, असं काही मिळतंय का ते बघा. तेरा वर्षांचा पेंटर पोचा बघून सांगतो की किती पत्रा गेलाय आणि किती रंग लागेल. ती नजर गन खाली ठेवली तरी त्यांच्याकडेच राहणार आहे, आणि मालकांना तिची गरज असते. बोलायला जाल तेव्हा डॉक्टरांचं पत्र आणि वहीची प्रत सोबत न्या, आणि राजीनाम्याचा कागद कुणी पुढे केला तर त्याच बैठकीत सही करू नका.

तोपर्यंत कामाचे कपडे तिथेच बदलून, हात-तोंड धुऊन घरी यावं. कपडे घरी धुवायचे असतील तर पिशवीत बांधून आणून वेगळे धुवा, हातात नायट्राइलचे मोजे घालून. तुमचीही छाती आहे, आणि तिच्याबद्दल पत्रात एक शब्दही नाही.

पडदे परत लावा. मांजराचं मात्र थोडं थांबा. त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी त्याच भेटीत करून घ्या, म्हणजे तो प्रश्नही निकाली निघेल. तीन आठवडे ते मांजर घरातच होतं आणि मिस्टर शांत झोपत होते, तेव्हा मला वाटतं, बहिणीला त्याची फार सवय लागू देऊ नका.